अक्कांचं अळणी

अक्का,

गल्लीच्या तोंडाला तुमचा फ्लेक्स लागलाय. मधोमध तुम्ही, शिवूच्या लग्नातल्या फोटोतून कापून काढलेल्या, त्यामुळे कुणाचा तरी अर्धा फेटा तुमच्या खांद्याशी राहून गेलाय. वर मोठ्या अक्षरांत 'गल्लीची अन्नपूर्णा हरपली'. खाली शोकाकुल म्हणून मंडळाची पोरं, त्यातली निम्मी गॉगल लावून शोक करताहेत. कोपऱ्यात माजी नगरसेवक हात जोडून उभे आहेत आणि आकारानं ते तुमच्यापेक्षा मोठे आहेत. तुम्ही असता तर विचारलं असतंत, "गेलंय कोण, मी का हा?"

शोकसभाही झाली. माईक आधी शिट्टी मारत होता, मग भाषणं करू लागला. तुम्हाला त्यागमूर्ती म्हणण्यात आलं, वात्सल्यसिंधू म्हणण्यात आलं. एका वक्त्यानं तुमचं नाव दोनदा चुकीचं घेतलं आणि तिसऱ्या वेळी 'आपल्या लाडक्या माउली' म्हणून सुटका करून घेतली. अन्नपूर्णा तर प्रत्येकानं म्हटलं. पण तुम्ही नेमकं काय शिजवलंत ते कुणी सांगितलं नाही. माझ्या मागच्या खुर्चीवरून एक बाई दुसरीला काहीतरी पुटपुटली आणि दुसरी म्हणाली, "जाऊ दे बाई, गेलेल्या माणसाचं कशाला आता." ते 'जाऊ दे' कशाबद्दल होतं, मला पक्कं ठाऊक होतं.

मग निवेदकानं माझं नाव घेतलं. मी खुर्चीतून अर्धा उठलो. बघतो तर पुढच्या दोन रांगा आधीच हसऱ्या झालेल्या. मास्तर उठले, आता मजा येणार. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. घसा बसलाय म्हणून सांगितलं आणि खाली बसलो. घसा ठणठणीत होता, अक्का.

म्हणून लिहितोय. लिहिताना समोर कुणी बसलेलं नसतं.

मंगळवार पेठेतल्या आपल्या गल्लीत तुमचं घर आणि माझं घर समोरासमोर. तुमचं लिंगायतांचं, तेल-गुळाच्या दुकानाचं. माझं बुधवार-रविवारी मटणाच्या वासानं जागं होणारं. मी कॉलेजच्या लायब्ररीत होतो, शिकवत कधीच नव्हतो, तरी गल्लीनं मला मास्तर करून टाकलं. तुम्ही मात्र पहिल्या दिवसापासून तम्मा म्हणालात. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, हे मला तुमच्या सूनबाईंनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "मला वाटलं, शिवी आहे." तुम्ही आतून ओरडलात, "शिवी बी देईन की, जरा थांब."

तुमच्या-माझ्यात वाद पुष्कळ झाले. तुम्ही रोज हातावर इष्टलिंग घेऊन पूजा करायचात आणि मी दारातून विचारायचो, आज काय म्हणाला देव. तुम्ही डोळे न उघडता सांगायचात, "त्या पुस्तकवाल्याला च्या दे म्हणाला." देव आहे की नाही हा आपला वाद तिथंच अडकून राहिला, कारण प्रत्येक वेळी चहा यायचा.

पण मला सांगायचंय ते त्या उन्हाळ्याचं.

आपल्या गल्लीत कावीळ शिरली होती. नळाला कधी गढूळ पाणी, कधी वास, कधी दोन्ही. लहान मुलं आधी पडली. तुमचा नातू शिवू, माझी मुलगी स्मिता, कोपऱ्यावरच्या सुरेशचा मुलगा, पाठोपाठ आणखी. सगळी आठ-नऊ वर्षांची, डोळे हळदीसारखे. डॉक्टरांनी घरोघर एकच सांगितलं: तेल नाही, तिखट नाही, मटण तर अजिबात नाही. पाणी उकळून, भाज्या उकडून, पातळ काहीतरी पोटात जाऊ द्या.

पातळ काहीतरी. कोल्हापुरात पातळ म्हणजे रस्सा. स्मितापुढं मालतीनं उकडलेल्या दुधीची वाटी ठेवली की स्मिता भिंतीकडं तोंड करायची. माझी बायको धीराची बाई, पण पाचव्या दिवशी तीही म्हणाली, "असल्या पाण्यानं अंगात काय राहणार? बापूंकडनं जरा अळणी आणा." हे फक्त माझ्या घरात नव्हतं. मटण शिजताना तिखट-मसाला पडायच्या आधी जे पाणी काढून ठेवतात ते अळणी; आपल्याकडं ते लहान मुलाला देतात, बाळंतिणीला देतात, उठायला आलेल्या आजाऱ्याला देतात. त्यात ताकद असते, यावर इथं डॉक्टरपेक्षा जास्त लोकांचा विश्वास आहे. आणि बापू आचारी आपल्याच गल्लीत. त्यांच्या पांढऱ्या रश्श्यासाठी लोक लग्नाच्या तारखा पुढं ढकलत.

मी डॉक्टरांचं ऐकलं होतं. लायब्ररीतून आणून काविळीवरचं पुस्तकही वाचलं होतं. आणि तरी मी डबा घेऊन बापूंच्या परड्यात गेलो. वाचलेल्या माणसाचं असंच असतं, त्याला चूक करतानाही ती चूक आहे हे माहीत असतं.

तुम्ही तिथं आधीच उभ्या होता. पदर डोक्यावरून, हात कमरेवर.

"बापू, कुणाकुणाला दिलंस आज?"

"मागतील त्यांस्नी," बापू म्हणाले. "पैसं बी घेत न्हाय, अक्का. लेकरं आजारी हायत, तेवढंच पुण्य."

"पुण्य? सुरेशचं पोरगं रात्रभर वकतंय तुझ्या पुण्यानं."

"मग त्यांच्या आयांस्नी सांगा की! मी काय घरात शिरून पाजतोय व्हय?"

"सांगून आले. म्हणत्यात, दुधी खाऊन कोण पैलवान झालाय दाखवा."

बापू हसले. "बरोबर हाय की मग."

"शिवू बघ माझा," तुम्ही म्हणालात. "आठवडा झाला, भाजीचंच पितोय. डोळं पांढरं व्हायला लागल्यात. पण ह्यांची पोरं ते पीत न्हाईत आणि आया पाजत न्हाईत. तर आता तुझ्या चुलीवर, तुझ्या पातेल्यात माझं शिजू दे. तू तुझ्या हातानं वाढ. अळणी म्हण."

बापू आधी मोठ्यानं हसले. मग तुमच्या तोंडाकडं बघून थांबले.

"आवं अक्का, माझं नाव हाय बाजारात. उद्या कळलं बापूनं दुधीचं पाणी मटणाचं म्हणून पाजलं, तर लग्नाची सुपारी दील का कोण मला?"

"नाव तुझंच राहू दे की. त्यासाठीच तर आलेय."

मी तेवढ्यात म्हणालो, "म्हणजे कोल्हापुरातला पहिला शाकाहारी बोकड." मला ते फार आवडलं होतं. तुम्ही दोघांनीही माझ्याकडं बघितलं.

"तम्मा," तुम्ही म्हणालात, "हसून झालं की तो दुधी चीर."

मी आयुष्यात पहिल्यांदा दुधी चिरला.

तुमची रीत साधी होती. दुधी, फ्लॉवरची दोन-तीन फुलं, एक बटाटा, मूठभर तांदूळ, आल्याचा तुकडा, कोथिंबिरीच्या काड्या. सगळं गाळ होईपर्यंत शिजू द्यायचं, रवीनं घुसळायचं, फडक्यातून गाळायचं, वर नखभर मिरपूड. तुमच्या घरी शिजायचं त्यात गाजरही असायचं. बापूंनी ते बाजूला काढलं. "गाजर नगं, रंग फुटतोय. अळणी कुठं तांबूस असतंय व्हय?" मग त्यांनी एका चिंधीत तमालपत्र, दोन लवंगा आणि एक मसाल्याची वेलची बांधून पातेल्यात सोडली. "वास म्हणजे निम्मं मटण," ते म्हणाले. त्यांच्या धंद्याचं हे गुपित त्यांनी मला फुकट सांगितलं, आणि सांगितल्याचं वाईट वाटून लगेच म्हणाले, "मास्तर, कुठं छापू नगासा."

गाळावं की गाळू नये, यावर मी तुमच्याशी भांडलो. मी म्हटलं, पुस्तकात लिहिलंय, चोथ्यात सत्त्व असतं. तुम्ही म्हणालात, चोथा दिसला की मटण संपलं. तो वाद माझ्या मते अजून मिटलेला नाही. तुम्ही मात्र गाळून मोकळ्या झालात.

दुसऱ्या दिवसापासून बापूंनी न वापरलेलं एक नवं पातेलं काढलं. पण त्यांच्या हातावर तुमचा भरवसा नव्हता. सवयीचा हात; झाकण उघडलं की मूठ चटणीच्या डब्याकडं जायची. म्हणून रोज संध्याकाळी तुम्ही स्वतः त्या चुलीपाशी पाटावर बसायचात. बापूंचं खरं मटण पलीकडच्या चुलीवर रटरटत असायचं. तुम्ही नाकाला पदर लावायचात, डावानं ढवळायचात, आणि पोरांना पोळू नये म्हणून आधी स्वतः घोटभर पिऊन बघायचात. मग बापू दारात उभे राहून लग्नाच्या पंगतीत ओरडावं तसं ओरडायचे, "अळणी घ्या, अळणी!" आणि पोरं वाट्या घेऊन यायची. माझी स्मिता, जी भिंतीकडं तोंड करायची, तिनं दोन वाट्या पिऊन तिसरी मागितली.

मी दारात उभा राहून ते बघत होतो आणि मला माझ्या पोटच्या मुलीसमोर लाज वाटली. पाच दिवस मी तिला समजावत होतो. पौष्टिक म्हणजे काय, यकृत म्हणजे काय. एकदा तर आकृती काढून दाखवली होती.

बापू कसलेले होते. खाटकाकडून हाडं आणून रोज परड्याच्या गटारीपाशी टाकायचे, कुत्री भांडायची, सगळ्या गल्लीला पुरावा मिळायचा. तुम्ही घरी गेल्या गेल्या डोक्यावरून अंघोळ करायचात. मटणाच्या चुलीपाशी बसून आलात म्हणून. गल्लीनं त्याचाही पुरावा केला. अंघोळ करते म्हणजे काहीतरी धुवायचं असणारच.

आणि मग स्मितानं ते वाक्य बोलून टाकलं. अंगात ताकद आल्यावर मुलं पहिलं काय करतात, तर बढाया मारतात. तुमच्या नात्यातल्या पार्वताक्कांच्या घरी खेळायला गेली आणि म्हणाली, "आम्ही रोज बापूकाकांचं मटणाचं अळणी पितो. आणि अक्का आहेत ना, त्या आमच्या आधी पितात!"

एका शब्दाचंही खोटं नव्हतं त्यात. मुलीला जे माहीत होतं ते तिनं सांगितलं.

तुमच्याकडं विचारायला कुणी आलं नाही. असल्या गोष्टी विचारत नाहीत. तुमच्या मठातल्या जेवणाला दरवर्षी हुग्गी तुमच्या हातची असायची. खपली गहू कांडून, रात्रभर भिजवून, गूळ घालून केलेली ती खीर मी कितीतरी वर्षं खाल्ली, आणि देव मानत नसूनही त्या दिवसाची वाट बघितली. त्या वर्षी तुम्ही पदर खोचून काहिलीकडं निघालात तेव्हा पार्वताक्का पुढं आल्या आणि फार गोड आवाजात म्हणाल्या, "अक्का, लई वर्षं केलंसा. तुम्ही आता बसा."

तुम्ही बसलात. मी मठाच्या पायरीवर होतो, मी बघितलं. तुम्ही भिंतीला टेकलात आणि दुसऱ्या बायका गूळ फोडत होत्या त्यांचे हात बघत बसलात. हुग्गी जरा करपली होती. तुम्ही कुणालाच काही म्हणाला नाहीत.

त्या संध्याकाळी मी तुमच्या दारात आलो. म्हटलं, "अक्का, पोरं बरी झालीत. आता जाऊन सांगा की मठात."

"काय सांगू?"

"की तो दुधी होता."

"माझ्याच तोंडानं सांगू व्हय, मी चांगली हाय म्हणून? त्यापरीस मटण खाल्लेलं बरं."

"मग मी सांगतो."

"बापूला शब्द दिलाय. त्याचा लग्नाचा हंगाम चाललाय. गप बस."

मी गप्प बसलो. माझा तो गुण नव्हे, पण बसलो.

पुढच्या उन्हाळ्यात कावीळ पुन्हा आली आणि मग जे व्हायचं होतं ते झालं. गल्लीनं गेल्या वर्षीचा धडा पक्का लक्षात ठेवला होता. डॉक्टरला काय कळतंय, अळणीनं उठली की पोरं! बापू बाहेरगावी लग्नाच्या कामावर होते, म्हणून एका घरानं स्वतःच खरं मटण आणून त्याचं अळणी केलं आणि मुलीला पाजलं. मुलीला दवाखान्यात ठेवावं लागलं. ती वाचली, हे मी आधीच सांगून टाकतो. पण ते दोन-तीन दिवस तुम्ही जेवला नाहीत.

तुम्ही घरोघर गेलात. "अळणी देऊ नगासा गं, डॉक्टरचं ऐका." बायका मान हलवायच्या आणि तुम्ही वळलात की म्हणायच्या, स्वतः प्याली, आणि आता आम्हाला शिकवती.

मग तुम्ही माझ्या दारात आलात. घरात कधी पाऊल न टाकणाऱ्या तुम्ही आत येऊन खुर्चीवर बसलात.

"तम्मा, बापूला विचारून आले. तो व्हय म्हणाला. आता सांग सगळ्यांस्नी. तू शिकलेला हाईस, तुझं ऐकतील. माझ्यासाठी न्हाय, पोरांसाठी."

तुम्ही माझ्याकडं काही मागितलंत ते हे एकदाच.

मी विचार केला, सगळी गल्ली एकत्र कधी भेटते? गणपतीत. मंडळाच्या कार्यक्रमात दरवर्षी माझं भाषण असायचं. मी गल्लीतल्या प्रत्येकाची टोपी उडवायचो आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या टोपीला हसायचा. त्या वर्षी मी ठरवून गेलो होतो की आज सरळ सांगायचं. उभा राहिलो आणि म्हणालो, "मंडळी, गेल्या वर्षी आपल्या पोरांनी जे अळणी प्यालं, त्यात मटण नव्हतं. दुधी होता."

असा हशा मी त्याआधी कधी मिळवला नव्हता, अक्का.

मी हात वर करून म्हटलं, "खरं सांगतोय." आणखी हशा. "हाडं गटारीपाशी टाकायला आणली होती." लोक खुर्च्यांवरून घसरले. कुणीतरी पुढच्या रांगेतल्या बापूंना विचारलं, "काय बापू?" आणि बापू मिशीत हसत म्हणाले, "मास्तर म्हणत्यात म्हणजे खरंच असणार." त्यांनी शब्द पाळला होता, त्यांनी होच म्हटलं होतं. पण ते जसं म्हणाले त्यानं उरलंसुरलं सगळं बुडालं.

इथवर मी लोकांना बोल लावू शकतो. पुढचं मात्र माझं आहे. एवढा हशा कानावर आला आणि माझी जीभ आपली आपण चालू लागली. मी म्हणालो, "कोल्हापुरातला पहिला शाकाहारी बोकड." टाळ्या पडल्या. शिट्ट्या पडल्या. आणि मी वाकून नमस्कार केला.

स्मिता पहिल्या रांगेत होती. सगळ्यांत जास्त तीच हसत होती. मालतीही. घरी गेल्यावर मी मालतीला म्हटलं, अगं, खरंच दुधी होता. ती म्हणाली, "तुमचं आपलं काहीतरीच. हाडं मी स्वतः बघितली होती."

तुम्ही तुमच्या दारात, पायरीवर बसून होता. मी समोरून आलो. तुम्ही म्हणालात, "चांगलं बोललास. मंडळी हसली."

टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं.

त्यानंतरही तुम्ही मला तम्मा म्हणत राहिलात, चहा पाठवत राहिलात. मठात जात राहिलात आणि भिंतीला टेकून बसत राहिलात. मी गणपतीतली भाषणं बंद केली. लोकांना वाटलं, मानधन हवंय. मी एकेकट्याला गाठून सांगून बघितलं, तर लोक माझ्या आधी हसायला लागायचे. गोष्ट पुढं गल्लीतला विनोद झाली, आणि विनोदाचं एक असतं, तो जितका जुना होतो तितका कुणाला खरा वाटत नाही. दोन वर्षांपूर्वी बापू गेले. त्यांच्या फ्लेक्सवर 'पांढऱ्या रश्श्याचा राजा' लिहिलं होतं. साक्षीदार म्हणून तुम्ही आणि मी उरलो. आता मी.

तुम्ही गेल्याचं कळलं आणि स्मिता पुण्याहून आली, तिचा दोन वर्षांचा मुलगा घेऊन. प्रवासानं त्याचं पोट बिघडलं होतं. मालती वरणाचं पाणी करायला निघाली. मी म्हटलं, थांब, मी करतो. मालतीनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी निवडणुकीला उभा राहतोय.

कसबा बावड्याच्या मळ्यातला कोवळा दुधी मिळाला होता. चिरला. तांदूळ, बटाटा, फ्लॉवर, आलं. हाताला सगळं आठवत होतं. त्या उन्हाळ्यात चिरणं माझ्याकडंच होतं. लहान मुलासाठी गरज नव्हती, तरी चिंधीत तमालपत्र आणि लवंग बांधून घडीभर सोडली. गाळलं. हो, गाळलं.

स्मिता वाटी घ्यायला आली. मुलाला पोळेल म्हणून तिनं फुंकर घातली आणि चमचाभर स्वतः प्याली. मग थांबली. दुसरा चमचा प्याली. तिसरा.

"आई, ह्यात मटण घातलंयस?"

"सोमवारी?" मालती आतून म्हणाली.

स्मितानं पातेलं तिरकं करून बघितलं. डावानं तळ ढवळला. मग माझ्याकडं वळली. "बाबा, हे बापूकाकांचं अळणी हाय." एरवी ती पुण्याचं बोलते.

मला त्या क्षणी एकही विनोद सुचला नाही. मी नुसती मान हलवली.

"तुम्ही त्या गणपतीत सांगितलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"आम्ही हसलो."

"हो."

ती स्टुलावर बसली. "पार्वताक्कांच्या घरात मीच बोलले होते. अक्का आमच्या आधी पितात म्हणून." मग उठली, मुलाला काखेत घेतलं, वाटीवर ताटली झाकली. मी चपला शोधू लागलो, तर म्हणाली, "तुम्ही नका येऊ, बाबा. तुम्ही आलात की त्या हसतील."

मी खिडकीत उभा राहिलो.

समोर तुमच्या दारातल्या सोप्यावर तुमच्या लोकांतल्या बायका उद्याच्या शिवगणाराधनेसाठी गहू निवडत बसल्या होत्या. तुमच्या नावानं जेवण, तुमच्या नावानं हुग्गी. मधे पार्वताक्का, आता त्यांचीही मान हलते. आपल्या गल्लीत कुणी हळू बोलत नाही, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"काय आणलंस गं?"

"अळणी."

एका बाईनं आपलं लुगडं जवळ ओढून घेतलं.

"अक्कांचं अळणी," स्मिता म्हणाली. "दुधीचं आहे. त्या साली आम्ही हेच प्यायलो होतो. मटणाचं म्हणून मीच बोंबलत सुटले होते. मला ठाऊक नव्हतं. पिऊन बघा."

गव्हातले हात थांबले. पार्वताक्का वाटीकडं बघत राहिल्या, आणि त्यांच्यापुढचा पेच मला पलीकडून दिसत होता. तो दुधी आहे हे कळायला प्यावं लागणार. आणि प्यायचं तर आधी तो दुधी आहे यावर विश्वास ठेवावा लागणार. त्यांचा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला. तिथं जरा राहिला. मग त्यांनी वाटी घेतली, तोंडाला लावली आणि प्याल्या. पुन्हा प्याल्या.

"मीठ कमी पडलंय," त्या म्हणाल्या.

त्यांनी वाटी शेजारणीच्या हातात दिली. तिनं ती प्यायली आणि पुढं दिली.

"मी तिला बसा म्हटलंतं," पार्वताक्का म्हणाल्या. कुणाला उद्देशून ते कळलं नाही. पुढ्यातलं सूप त्यांनी बाजूला सारलं, त्यातले गहू सांडले, आणि त्या तुमच्या भिंतीला टेकून रडायला लागल्या. "इतकी वर्षं बसवून ठेवली गं तिला."

तेवढ्यात माझा नातू ओरडू लागला. वाटी त्याच्यासाठी होती आणि बायकांनी ती संपवली होती.

मी दुसरी वाटी भरली, मीठ घातलं, आणि गल्ली ओलांडून तुमच्या पायरीपर्यंत आलो. सगळ्यांनी वर बघितलं. या वेळी कुणीही हसलं नाही, अक्का. स्मितानं माझ्या हातातून वाटी घेतली. पार्वताक्कांनी सरकून सोप्यावर जागा केली आणि माझ्याकडं बघून हातानंच खूण केली, बस म्हणून.

मी खालच्या पायरीवरच बसलो.